उलटीवरचा लाडू

छावणी, युसूफ वडगाव शिवार,
११ फेब्रुवारी २०१६

ती. गीतामावशीस,
सा. न. वि. वि.

तुला हैदराबादच्या प्रयोगशाळेत अंड्यांतली पिलं तपासायची नोकरी लागली, तेव्हा आजी म्हणाली होती, की अंडीच फोडायची होती तर पोरगी एवढी शिकली कावून? काल गंगीच्या पाठीला टेकून बसले असताना हे वाक्य आठवलं आणि मी एकटीच इतकी हसले, की गंगीने रवंथ थांबवून माझ्याकडे पाहिलं. गंगी आमची म्हैस. ती सहसा कुणासाठी रवंथ थांबवत नाही.

बातमी अशी, की मला दिवस गेले आहेत. दुसरा महिना. आई असती तर आधी तिला लिहिलं असतं. ती नाही, म्हणून तिच्या वाट्याचं पत्रही तुलाच. फोनवर सांगितलं नाही, कारण आमच्याकडचा फोन सासूबाईंच्या हातात असतो, आणि त्यांना कमी ऐकू येतं म्हणून कायम स्पीकरवर. तू कशी आहेस विचारलंस, की शेजारच्या दावणीवरून बायनाबाईच आधी ओरडून सांगतात, बरी हाय म्हणून.

दिवाळीपासून मी आणि सासूबाई जनावरांबरोबर इथे चारा छावणीत आहोत. सासरे गावात घर राखतात. हे कारखान्यावर आहेत, पण शिवारात उसाचं टिपरूही नाही, त्यामुळे यांची ड्यूटी म्हणजे बंद गेटाला आतून कडी लावून बसणं. सासूबाई महिला दूध संस्थेच्या चेअरमन आहेत ते तुला ठाऊकच आहे. लग्नात तू त्यांना चंद्रभागाताई अशी हाक मारलीस, तर त्यांनी ही कुणाला बोलावते म्हणून मागे वळून पाहिलं होतं. घरात सासऱ्यांसकट सगळे त्यांना चेअरमनबाईच म्हणतात.

सुरुवातीला उलट्यांनी जीव नकोसा केला होता. भाकरी थापली की उलटी, पेंड भिजवली की उलटी. त्यात टँकरचं पाणी. मी चूळ भरायला तांब्या उचलला, की रांगेतल्या सगळ्या बायका तांब्याकडे बघत. मग सासूबाईंनी औषध काढलं. त्यांचा गोळा या भागात सगळ्यांना माहीत आहे. जनावराने वैरण सोडली, की त्या गूळ, सुंठ, ओवा, हिंग आणि आजेसासऱ्यांच्या वेळच्या मडक्यातला वाळका पाला कुटून गोळा करतात. तो गिळला, की जनावर मालकाचं धोतरसुद्धा खायला तयार होतं. त्यांचं म्हणणं पडलं, की गंगीला जे मानवतं ते सुनेला न मानवायला काय झालं? हिंग वगळून, तूप आणि खारीक घालून त्यांनी माझा वेगळा लाडू वळला. मावशी, उलटी गायब! आता मी माझी भाकरी खाते, बायनाबाईंची खाते, आणि टोपल्यातली उरलेली कुणाची आहे ते विचारते.

मनही इतकं हलकं झालंय म्हणून सांगू. परवा एक पुढारी छावणी बघायला आले. ते दुष्काळावर बोलायला लागले आणि मला त्यांच्या टोपीचं टोक फार गमतीशीर वाटायला लागलं. हसू आलं ते थांबेचना. ते म्हणाले, की संकटातही हसणारी ही आमची भगिनी बघा, आणि माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. सासूबाईंना इतका अभिमान वाटला, की त्यांनी दुसऱ्या दिवशी लाडू जरा मोठा वळला.

तू दुपारचं जेवण विसरतेस, म्हणून सोबत डबीत थोडे लाडू पाठवते. तुझा लोभ आहेच. तो छावणीतल्या पेंडीसारखा दर आठवड्याला कमी होऊ नये, एवढं बघ.

तुझी,
मुक्ता

हैदराबाद,
२२ फेब्रुवारी २०१६

चि. सौ. मुक्तास,
अ. उ. आ.

आधी हे वाच, बाकीचं मागून. तो लाडू आजपासून बंद. एक घासही नको. सासूबाई रागावल्या तरी नको.

आता तुझं अभिनंदन. बातमी वाचून मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले. मग डोळे पुसले, आणि जेवण राहिलं होतं म्हणून तुझा एक लाडू खाऊन बैठकीला गेले. चव छानच होती. बैठकीत आमचे संचालक कोंबडीच्या अंड्यातल्या वाढत्या पिलाची चित्रं पडद्यावर दाखवत होते. थोड्या वेळाने मला ते पिलू ओळखीचं वाटू लागलं. मी हात वर करून संचालकांना सांगितलं, की सर, तुमचा आवाज ऐकताना ताज्या पिंजलेल्या कापसाच्या गादीवर लोळल्यासारखं वाटतं. मलाच तेवढं हसू येत होतं. या प्रयोगशाळेत मी इतकी वर्षं काढली, पण माझ्याकडे एवढ्या लोकांनी एकदम कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर बद्रीनाथ नावाचा मुलगा काम करतो. आपल्या गेवराईकडचाच आहे. त्याने मला बाहेर नेलं, डोळे पाहिले आणि विचारलं, की मॅडम, तुम्ही काय खाल्लंत? त्याला लगेच कळलं, कारण त्याचं कामच नशेच्या द्रव्यांवर आहे. त्याने उरलेला लाडू तपासला. मुक्ता, तुमच्या मडक्यातला पाला म्हणजे भांग आहे. गांज्याच्याच झाडाचा पाला.

घाबरवायला लिहीत नाही, पण लपवणारही नाही. मी रोज अंड्याच्या कवचाला नखाएवढी खिडकी पाडून आत बघते. मेंदू आधी एक पन्हाळी असतो. तिच्या कडा जवळ येतात, नळी होते, आणि मग पेशी आपापल्या जागी जायला निघतात. माणसाच्या बाळाचंही असंच असतं, आणि तुझ्या पोटात हे काम सध्या जोरात चालू आहे. कुठल्या पेशीने कुठे जायचं, कुणाला धरून राहायचं, हे सांगायला शरीर स्वतःचं एक द्रव्य तयार करतं. भांगेतलं द्रव्य नेमकं त्याच्यासारखं आहे. समज, छावणीत प्रत्येक जनावराला आपल्या मालकाची हाक ओळखता येते, आणि कुणीतरी तशीच हाक दिवसभर उगाच मारत राहिलं. बरीचशी जनावरं तरीही आपल्या दावणीला जातील. काही मात्र चुकतील.

बद्रीनाथच्या अंड्यांत अशी चुकलेली पिलं दिसतात. पण तो भांगेतल्या द्रव्याचा थेंब सरळ अंड्यात सोडतो आणि भरपूर सोडतो. तू म्हणजे अंडं नाहीस. बायकांबद्दल जे कळलंय ते असं, की ज्यांनी गरोदरपणी हे बरंच घेतलं, त्यांची काही मुलं जन्मताना वजनाने कमी भरली, काहींना मोठेपणी लक्ष टिकवायला, आठवायला अडचण आली, आणि कितीतरी मुलांत काही फरकच सापडला नाही. एका बाळाबद्दल आधी कुणालाच सांगता येत नाही. थांबवणं तेवढं आपल्या हातात आहे. उलट्यांसाठी तालुक्याच्या दवाखान्यात गोळी मिळेल. ती बाळाला चालते. जा, आणि तिथे हे सगळं सांग.

इतकी वर्षं मी मेंदू होताना पाहत आले. ते बघताना मला कधी भीती वाटली नव्हती, आता वाटते. पत्र मिळताच उत्तर दे. मी इथे वाट बघतेय, हे जेवतानासुद्धा लक्षात ठेव.

तुझी मावशी,
गीता

छावणी,
३ मार्च २०१६

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. मी तशीच मडक्यापाशी गेले आणि पाला हुंगला. सासूबाईंना आडून आडून विचारलं, तर त्या म्हणाल्या, की मामंजी दरसाल तुरीच्या ओळीत दोन झाडं लावायचे, बैलाच्या पोटासाठी. भांग वेगळी, ती शिमग्याला गडी माणसं वाटून पितात, हिरवीगार. हा तर जित्राबाचा पाला हाय. त्यांना खरोखरच ठाऊक नाही, मावशी.

त्या दिवसापासून मी लाडू खाल्लेला नाही. पण टाळणं सोपं नाही. त्या समोर बसून भरवतात. पहिल्या दिवशी पदरात लपवला, तर मुंग्या चढल्या. मग गंगीला घालू लागले. तिचा स्वतःचा गोळा आणि वर माझा लाडू असं झाल्यावर ती कडब्याकडे पाठ करून दिवसभर सावलीच्या हिरव्या जाळीकडे बघत उभी राहिली. दूध मोजणारा म्हणाला, की ही म्हैस कीर्तनाला बसल्यासारखी कावून दिसतीय? रविवारी हे आले, तेव्हा मी डबा यांच्यापुढे सरकवला आणि काही सांगितलं नाही. ती माझीच चूक. यांनी लागोपाठ तीन खाल्ले. मग बायनाबाईंच्या कालवडीजवळ बसून तिला बंद कारखान्याचा बॉयलर समजावून सांगितला, आणि शेवटी रडले, की एवढं मन लावून आजवर माझं कुणी ऐकलं न्हाई.

मी दवाखान्यात गेले नाही. जायचं तर सासूबाई सोबत येणार, आणि त्यांच्यासमोर सांगावं लागणार. तू म्हणशील, सांगून टाक. पण मावशी, रांगेत उभं असताना मला अचानक उलटी आली, तर या बाईने पुढे होऊन ती ओंजळीत झेलली होती, दुसऱ्यांच्या घागरीत पडू नये म्हणून. नंतर हात मातीने घासले आणि मला हसत म्हणाल्या, की लेकरू दमदार हाय. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू, की तुमच्या लाडवाने त्या लेकराचं काहीतरी बिघडलं असेल?

दुपारी आडवी झाले, की मी पोटावर हात ठेवून त्याला हळूच हाका मारते. तू लिहिलंस तसं, खोटी हाक कुठली आणि खरी कुठली, ते त्याला कळावं म्हणून. मधेच वाटतं, की हा वेडेपणा आहे. मग पुन्हा मारते.

आणि आता खरं संकट ऐक. दुष्काळाने संस्थेचं दूध आटलंय. सासूबाईंनी ठरवलंय, की संस्थेने आता लाडू करून विकायचा. गर्भवती बायकांसाठी, उलटीवरचा म्हणून! बायनाबाईंच्या सुनेलाही दिवस आहेत, तिचा लाडू सुरू झालाय. डब्यावरचं चित्रसुद्धा छापून आलं. मध्ये आई आणि बाळ, आणि मागे गंगी. येत्या तेरा तारखेच्या सर्वसाधारण सभेत ठराव आहे. सगळ्या तालुक्यातल्या सुना हसत सुटतील, मावशी, आणि त्यांच्या पोटातली लेकरं वाट चुकतील.

तेव्हा तूच सासूबाईंना लिही. तू बाहेरची, शिकलेली, तुझं त्या ऐकतील. पत्र घरच्या पत्त्यावर नको, सासरे ते फोडून पारावर वाचतात. संस्थेच्या पत्त्यावर चेअरमन म्हणून पाठव, म्हणजे सरळ त्यांच्या हातात पडेल. तुझ्यावर भार टाकते आहे, तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मुक्ता

हैदराबाद,
८ मार्च २०१६

मा. चेअरमन, महिला दूध संस्था, म्हणजेच आमच्या विहीणबाई सौ. चंद्रभागाताई यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र खाजगी आहे. दुसऱ्या कुणाला दाखवायची गरज नाही.

तुम्ही मुक्ताला आईची उणीव भासू दिली नाही. उलटीचा प्रसंग तिने मला कळवला, आणि तो वाचल्यापासून मी तुम्हाला मनोमन नमस्कार करते आहे. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

तुमच्या लाडवात जो पाला आहे, ती भांग आहे. आमच्या इथे तपासून पाहिलं. त्याने उलटी थांबते आणि भूक लागते, हा तुमचा अनुभव खरा आहे. पण पोटातल्या बाळाचा मेंदू या दिवसांत घडत असतो, आणि भांग त्याच्या पेशींना चुकीच्या खुणा करते. त्यातून प्रत्येक बाळाचं नुकसान होतंच असं नाही, मात्र होणार नाही असं एका बाळाबद्दलही कुणी सांगू शकत नाही. मुक्ताने लाडू सोडला आहे. तुम्ही भरवता तो ती पदरात लपवते आणि म्हशीला घालते. तिच्यावर रागावू नका. तुमचं मन मोडायला ती धजत नाही. जावई बंकटरावांनी तीन खाल्ले आणि ते कालवडीच्या गळ्यात पडून रडले. मी स्वतः एक खाल्ला आणि आमच्या साहेबांना सांगितलं, की तुमचा आवाज गादीसारखा आहे. ते अजून माझ्याशी जपून बोलतात.

हसण्यावारी न्यायची गोष्ट मात्र ही नाही. कृपा करून लाडवाचा ठराव आणू नका, आणि बायनाबाईंच्या सुनेलाही थांबवा. तुम्ही हे समजून केलेलं नाही. पण आता समजलं आहे, आणि थांबवणं तुमच्याच हातात आहे.

नातं मुक्तामुळे जुळलं. या पत्रापायी ते तुटू नये, ही विनंती.

आपली,
गीता

छावणी,
२१ मार्च २०१६

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कसं पोचलं ते मात्र बसूनच वाच.

सभा तेरा तारखेला जाळीखाली भरली. बायका तर होत्याच, पण लाडू चाखायला मिळणार म्हणून गडी माणसंही झाडून आली होती. सासूबाई हार घालून खुर्चीवर. आता संस्थेत अशी रीत आहे, की विषयपत्रिकेवर दुसरा विषय आवक पत्रांचं वाचन असतो. चेअरमनच्या नावाने जे जे येईल ते सचिव मोहनरावांनी सभेपुढे वाचायचं. बँकेचं पत्र, डेअरीचं पत्र, वीज तोडण्याची नोटीस. हे मला सुचलंच नाही. मोहनरावांनी बँकेचं पत्र वाचलं, डेअरीचं वाचलं, आणि त्याच खणखणीत आवाजात तुझं सुरू केलं.

हे पत्र खाजगी आहे, हे वाक्यसुद्धा त्यांनी वाचलं. दुसऱ्या कुणाला दाखवायची गरज नाही, हे तर माईकवर. मी उठून हात हलवत होते, पण त्यांचा नियम असा, की वाचन मधे थांबवलं तर इतिवृत्तात घोळ होतो. कालवडीपर्यंत आले, तेव्हा सगळी सभा यांच्याकडे वळली. यांनी उपरणं तोंडावर घेतलं. तुझ्या साहेबांच्या गादीला तर टाळ्या पडल्या.

मग ते बायनाबाईंच्या सुनेलाही थांबवा इथपर्यंत आले, आणि बाळाच्या मेंदूचं आधी वाचलेलं सभेला तेव्हा कुठे उमगलं. बायनाबाई उठून म्हणाल्या, की आगं बया, सून दिसभर हसती म्हणून मी गावभर सांगत होते, की पोरीला सासर मानवलं! आणि मटकन खाली बसल्या. त्यांच्या सुनेला तेव्हाही हसू येत होतं, आणि ती एकीकडे रडत होती.

सासूबाई उभ्या राहिल्या. गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. म्हणाल्या, की ठराव मागं घेतला. ज्या ज्या पोटुशीनं माझा लाडू खाल्ला तिनं उद्या सकाळी तयार राहायचं. एवढंच. मोहनरावांनी विचारलं, की इतिवृत्तात काय लिहू? त्या म्हणाल्या, की घडलं ते लिव्हा.

दुसऱ्या दिवशी दूध नेणाऱ्या टेम्पोत त्यांनी आम्हाला बसवलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मी तोंड उघडायच्या आत डॉक्टरीणबाईंना स्वतः सगळं सांगितलं, पाल्यापासून मडक्यापर्यंत. सोनोग्राफी झाली. ठोके नीट आहेत, वाढ दिवसांप्रमाणे आहे. पुढची तपासणी पाचव्या महिन्यात. गोळ्या दिल्या आहेत, उलटी आता बेताची आहे. हे मी मुद्दाम शेवटी लिहिलं नाही, तुझा श्वास अडकून राहील म्हणून.

पण सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. रागावल्यासारख्याही दिसत नाहीत. मला स्वयंपाक करायला लावतात आणि स्वतः लांब बसतात. मी कणीक मळताना म्हटलं, की मीठ तेवढं घाला, तर म्हणाल्या, की तूच घाल. सगळे पाला जाळायला निघाले होते, तर मी ओरडले, की धूरही तोच! मग खड्डा करून पुरला. गंगी सकाळपासून त्या खड्ड्यावर उभी आहे. हलवायला चौघं लागतात.

मला त्यांचं गप्प बसणं सोसवत नाही. बाळाची भीती होतीच, त्यात ही भर. तू रागावलेली नाहीस ना? नसशील तर तसं लिही, असशील तर उगाच लिहू नकोस.

तुझी,
मुक्ता

छावणी,
१० एप्रिल २०१६

गीताताईस,
चंद्रभागाबाईचा नमस्कार. पाडवा झाला. गुढी इथंच दावणीला उभारली.

हे पत्र मी सोताच्या हातानं लिहितेय. मोहनरावाला दिलं असतं तर त्यानं आवक-जावक नंबर टाकला असता. चवथीपतूर शिकले हाय, अक्षर कसं बी हाय, समजून घ्या.

आधी तुमचा लई राग आला. मंग मोहनरावाचा आला, मंग मुक्तीचा, की पोरीनं म्हशीला सांगितलं आन् मला न्हाई. बंकटला तर मी म्हनले, की बाबा, कालवडीजवळ रडायचं व्हतं तर आई काय मेलती? त्यो आता कारखान्यावरनं येतच न्हाई, लोक त्याला बॉयलर कसाय म्हनून इचारतेत.

राग गेल्यावर काई उरलं न्हाई बघा. मला वाटायचं माझ्या हाताला गुन हाय. म्हशी अडल्या, बाया अडल्या, मी हात घातला आन् सुटल्या. आता त्याच हाताचं मला भ्या वाटतं. पोरगी म्हनती मीठ घाला, मला धजवत न्हाई. तिला वाटतं मी रुसले. मी तिला कसं सांगू? तुमीच कळवा तिला, की सासू रुसली न्हाई.

संस्थेनं लाडू केला, तिळाचा. पाला न्हाई, काई न्हाई. कुनी घेईना. एक म्हातारा म्हनला, की चेअरमनबाई, पयल्यासारखं समाधान न्हाई यात. मी त्याला पायताण दावलं.

दवाखान्यात मला बी टीवीवर दावलं. लेकरू मुठी हालवत व्हतं, म्या रडले. डॉक्टरीणबाईला इचारलं, की डोस्कं कसं हाय? ती म्हनली, गोल हाय. म्या म्हनलं, आतून? ती म्हनली, आजी, ते या यंत्रात दिसत न्हाई. मंग कवा दिसंल? तर म्हनली, शाळंत जाईल तवा. आन् ते बी दुसऱ्या लाख कारनांनी असू शकतं. म्हंजी उद्या लेकरू पाढा इसरलं तर सगळे म्हनतेल, लेकराचं काय, इसरतंच. आन् म्या एकटी म्हनल, माझ्या लाडवानं. छावणीतली बारकी पोरं खेळतेत, ती मी बगत बसते. कोन इसरतंय, कोन धडपडतंय. त्यांनी तर लाडू खाल्ला बी न्हवता.

तुमचं पत्र मी पुन्यांदा माझं मी वाचलं. सगळं पटलं. एकच टोचतंय, की एका लेकराचं कुनी सांगू शकत न्हाई. शंभराचं सांगता येतं, डॉक्टरीणबाई म्हनली. पर ताई, आमच्याकडं शंभर न्हाईत. एकच हाय.

लोभ ठेवा म्हनायला तोंड न्हाई, म्हनून मागनंच मागते. तुमी शिकल्यासवरल्या, तुमच्या सहीला मान हाय. एका कागदावर लिहून द्या, की मुक्तीचं लेकरू शानं निघंल. खाली सही करा. म्या कुनाला दावनार न्हाई, सभेत वाचनार न्हाई. उद्या खोटं निघालं तर तुमाला बोल लावनार न्हाई. मला ठाऊक हाय, तुमी असं लिहून देनाऱ्या न्हाईत. तरी द्या.

तुमची,
चंद्रभागा